सातवं अक्षर

क्लाक्स्विक. गुरुवार, रात्रीचे सव्वाबारा.
साप्ताहिकाच्या कचेरीत एकटी बेर्गटोरा
आणि तिच्यासमोर पडद्यावर:
‘रान्वा’ नावाचा दस्तऐवज मिळत नाही.

मिळत नाही कसा?
समोर तर आहे, फोल्डरमध्ये,
उद्याच्या मृत्युवार्तांतला सहावा.
पाच जण मुकाट्याने पानावर उतरले,
काळी चौकट, डावीकडे मजकूर, अंगठ्याएवढा फोटो;
ही एकच बाई अडून बसलीय.

तिनं आधी तेच केलं जे सगळे करतात,
पुन्हा चालवून पाहिलं.
मग पुन्हा, जरा रागाने.
मग परवानग्यांची यादी उघडून
स्क्रिप्टसमोरची बरोबरची खूण काढली, परत दिली,
रुसलेल्या पोराच्या हातातून चमचा घेऊन परत द्यावा तशी.
मग पहिली खिडकी, दुसरी खिडकी.
सगळ्यांच्या मागे एक इवलीशी चौकट
‘बदल जतन करायचे?’ विचारत उभी,
कधीपासून कोण जाणे.
तिला ‘नाही’ म्हटलं.
तरीही मिळत नाही.

स्क्रिप्ट होग्नीची. एकोणीस वर्षांची.
चाळिसाव्या ओळीपाशी त्याची टीप:
‘इथे दोन सेकंद थांबा. काढू नका.
का, ते मला विचारू नका.’

तिनं त्यालाच फोन लावला.
म्हातारा जागा होता, जाळं सांधतोय म्हणाला.
ती घडाघडा सांगत सुटली,
त्रुटी उणे सतराशे अठ्ठावीस,
दस्तऐवज आहे आणि नाही,
नाव रान्वा, सगळं तपासलं...
‘कुठली रान्वा?’
‘आर्नाफ्योरुरची. लोकरीचं दुकान होतं ती.’

फोनमध्ये दोन सेकंद.
मग आणखी दोन.
मग किती, ते तिनं मोजलं नाही.
बंदरात कुठल्याशा बोटीचा पंप सुरू झाला, बंद झाला.

‘अक्षरं मोज,’ तो म्हणाला.
‘सहा.’
‘डोळ्यांनी नको. यंत्राला मोजायला सांग.’

सात.

मुलीनं कोपनहेगनहून फाइल पाठवलेली.
तिकडच्या यंत्रानं शेवटचं अक्षर दोन तुकड्यांत लिहिलं होतं,
अक्षर वेगळं, वरची तिरकी रेघ वेगळी,
एकावर एक अशी बेमालूम
जसा काना सुटा कापून कुणी अक्षराला चिकटवावा.
आपल्याला दिसतं एक.
यंत्राला दिसते फट.

‘शाळेत सहाच होती,’ होग्नी म्हणाला.
‘माझ्या पाटीवरसुद्धा तीच लिहायची, माझं नाव पुसून.’
आणि काही न विचारता फोन ठेवला.

बेर्गटोरानं एक ओळ वाढवली: नाव शोधण्याआधी तुकडे जोडून घे.
रान्वा पानावर उतरली,
अंगठ्याएवढी, मान जरा तिरपी,
काखेत लोकरीचा गुंडा.

छापखान्याकडे पान सोडण्याआधी
तिनं ते दोन सेकंद निवडले,
बोट पुसायच्या कळीवर.
मग त्याच्या टिपेखाली लिहिलं:
‘मीही काढले नाहीत. बे.’