एकतीस फ्रेम

राजारामपुरीत, झेरॉक्सच्या दुकानावर माझी खोली.
एसी मशीनसाठी, घाम माझ्यासाठी.
तीन दिवस एकच सीन कापत बसलोय:
हिरोचा मित्र शेणात घसरतो, उठतो, बोलतो
आणि कोणी हसत नाही.
प्रोड्यूसर नाही, चहाचा पोरगा नाही,
मीही नाही.

त्याच दुपारी कदमवाडीचा संकेत आला,
हुडी घालून, मे महिन्यात.
रॅप करतो. त्याला एक आवाज हवा होता,
जुना, मातीतला.
मातीतला आवाज जिना चढायला वेळ लावत होता.
गुडघे.

जोतीराम वायदंडे वडणगेकर.
बावीस वर्षं फडात सोंगाड्या,
आता नाट्यगृहाजवळ स्कूटरी लावायच्या पावत्या फाडतो.
पावत्यांचं बुक टेबलावर ठेवलं,
माइककडं बघितलं,
म्हणाला, "ह्येला टोपडं कुणी घातलं?"

मग वग आठवला.
राजाचं तोच बोलला, स्वतःचं तोच.
"परधानजी, आमच्या राज्यात सगळ्यात येडा कोण?"

थांबला.
आधी मान वळली, डोळे मागनं आले.
खाली झेरॉक्सचा उजेड सरकला, तेही ऐकू आलं.

"कोण, मी?"

संकेत खुर्चीवरून पडायचा राहिला.
मी सवयीनं मोजलं होतं:
प्रश्न संपल्यापासून एकतीस फ्रेम.
पुन्हा करायला लावलं. एकतीस.
खोकला आला, पाणी प्याला, पुन्हा.
एकतीस.

"कसं मोजता, काका?"
"मोजतोय कुठं. ढोलकीवाला श्वास घेतो.
त्यो सोडस्तवर बोलायचं न्हाई."
जरा वेळानं म्हणाला,
"आमचा ढोलकीवाला जाऊन नऊ वर्सं झाली.
घेतोय अजून."

"फुडचं बी घे की," त्यानं संकेतला सांगितलं.
पुढं राजा दरडावतो: आम्ही विचारलं, कोण?
सोंगाड्या हात जोडतो:
"मग जरा थांबा, म्हाराज.
तुमचं नाव घ्यायचं, तर चूळ भरून येतो."

संकेत म्हणाला, नको, एवढंच बास,
हुकला दोन सेकंद लागतात.
पाचशे रुपये दिले.
त्यानं पावती फाडून दिली. स्कूटरची.

रात्री मी माझ्या सीनमध्ये
उठणं आणि बोलणं यांच्यामध्ये
एकतीस फ्रेम नुसता चेहरा ठेवला.
अंगभर शेण. मान. मग डोळे.
चहाचा पोरगा हसला, किटली कलंडली.
प्रोड्यूसर फोनवर म्हणाला, साउथसारखा पंच आलाय राव.
मी हो म्हणालो.

शेवटच्या पाटीत "विशेष आभार" लिहिलं होतं.
पाटी लांबली, ते गेलं,
मसालेवाल्याचा लोगो राहिला.
कापणारा मीच.

विसर्जनाच्या रात्री पापाच्या तिकटीला
स्पीकरची भिंत, त्यावर लेझर,
आणि पोरं, पोरं, पोरं.
कोण, मी? कोण, मी? को-को-कोण, मी?
दुकानांची शटरं थरथरतायत,
माझ्या फासळ्या, कुणाच्या तरी हातातला वडा.
गाण्यात तो प्रश्नच नाही.
हजार पोरं स्वतःच्या छातीवर बोट ठेवून नाचतायत
आणि राजा सुटलाय.

पलीकडच्या फुटपाथला तो दिसला,
पिशवी काखेत, कानात कापूस.
प्रत्येक "कोण, मी?"नंतर
त्याचे हात आपसूक जोडले जात,
ओठ हलत.
ऐकू येणं शक्यच नव्हतं.
चूळ भरल्यासारखे गाल तेवढे फुगायचे,
तोवर गाणं पुन्हा पहिल्यावर.

गाडी पुढं सरकली. हवालदारानं काठी आपटली,
"ए म्हातारबा! मागं हो! तुलाच म्हणतोय!"

आधी मान.
मग डोळे.

मी मोजायला लागलो.