खुलासा

मा. शाखा व्यवस्थापक यांस,
इथवर लिहिलं आणि पेन थांबलं.

अहवालात महिन्यांचे चौकोन आहेत.
शून्य शून्य शून्य, शेजारी शेजारी,
पुसून पालथ्या घातलेल्या वाट्यांसारखे.
मग एकाएकी तीस. मग साठ. मग नव्वद.
मग पुन्हा शून्य, जणू काही झालंच नाही.

हप्ता होता अकराशे चाळीस रुपयांचा.
कूलरचा.
सक्करदऱ्याच्या दुकानातून आणला, तिन्ही बाजूंना वाळा.
एप्रिलचा शेवटचा आठवडा, वर पत्रा,
आणि पोरगी म्हणाली होती, आई, उशी पण गरम आहे.

आज मागतेय एकवीस लाख साठ हजार.
बेसा रोड, तिसरा माळा, दोन खोल्या आणि किचन.
दहा टक्के आमचे: भिशीचे नव्वद हजार,
देवानंदच्या पीएफमधले, आणि माझी एकदाणी.
ती मोडताना सोनार काट्याकडे बघत होता,
मी पंख्याकडे.
नव्वद टक्के तुमचे.
आणि मधे उभा तो कूलर, खालून पाणी गळत.

निमजे साहेब भला माणूस.
फाइल बघून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"काहून थकले होते जी हप्ते?
आजारपण लिहा. आजारपण चालते.
घरच्याचं ऑपरेशन, असं काही.
वरचे लोक समजून घेतात."

रात्री लिहायला बसले.
समोर देवानंद, बनियनवर,
चिवड्यात कांदा कालवत होता. धडधाकट.
सत्तेचाळीस वर्षांत एक सलाईन नाही.
त्याला कागदावर कसं आडवं करू?
कोणत्या बाजूनं पोट फाडू?
सासूबाई आहेत, पण त्यांच्या कानावर गेलं
तर आधी माझंच ऑपरेशन होईल.

तर साहेब, खरं असं.
पहिल्या महिन्यात शाळेनं पगार दिला नाही.
मी प्रयोगशाळेत असते, कंत्राटी,
परीक्षानळ्या धुते, मोजून ठेवते.
दुसऱ्या महिन्यात पगार आला,
पण परत गेलेल्या हप्त्याचा दंड, दंडावर दंड,
आणि नणंदेच्या पोरीचं लग्न.
तिथं रिकाम्या हातानं कोण जातं?
तिसऱ्या महिन्यात पैसे होते.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही.
पैसे होते. डब्यात, तांदळाखाली.
दुपारी फोन यायचा वसुलीच्या मुलाचा,
"मॅडम, अंकुश बोलतोय",
आवाज आमच्या अकरावीच्या पोरांसारखा,
नुकताच फुटलेला.
आणि मी फोन गादीवर पालथा घालायची.
एकदा तर उशीखाली.
लाज वाटत होती,
की लाज वाटत नाही असं त्याला दाखवायचं होतं,
अजून उमगलं नाही.
एवढंच. यात कोणी मेलं नाही.

निमजे साहेबांनी वाचलं. दोनदा.
"बाई, असं कोणी लिवते का?"
म्हणाले, आणि शिक्का मारून वर पाठवलं.

अठरा दिवस.
मग मंजूर, पूर्ण रक्कम,
पण व्याज पाऊण टक्का जास्त.
देवानंदनं वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला,
खोडला, पुन्हा केला:
पाऊण टक्क्याचे महिन्याला एक हजार पंचेचाळीस.
वीस वर्षं.
जुन्या हप्त्यापेक्षा पंचाण्णव रुपये कमी,
म्हणाला, आणि हसायला लागला,
मग मीही.

रविवारी घर बघायला गेलो.
भिंतींना चुन्याचा वास, नळाला पाणी नाही.
तो खिडकी वितीनं मोजत होता,
साडेचार वीत, सरकती काच, बाहेर जाळी.
"कूलर बसत नाही इथं."
स्टँड लावू बाहेरून, मी म्हटलं.
"सोसायटी लावू देईल?"

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.
त्यानं माझ्याकडे बघितलं.
मी ओल्या सिमेंटवरून दोन पावलं मागे सरले
आणि उचलला.
बोला.