चाळीस अंश, पंच्याहत्तर टक्के

फर्मागुढीच्या चढावर गाव आणि माझं शास्त्र
नावापुरतेच भेटतात.
पहिल्या वर्षी हा विनोद आम्ही रोज करायचो.
दुसऱ्या वर्षी कुणी करत नाही.
दुसऱ्या वर्षी प्रत्येकाजवळ एकेक गोळी असते
आणि ती कुणाचंच ऐकत नसते.

माझी गोळी मळमळीवरची.
पाण्याशिवाय, जिभेवर ठेवताच
अठ्ठावीस सेकंदांत विरायला हवी.
पावडर मीच चाळली, साठ नंबरच्या चाळणीतून:
मॅनिटॉल, किंचित पुदिना,
आणि एक घटक असा, की थेंब लागला रे लागला
फुगतो आणि आतून भिंती पाडतो.
त्याचं बळ तेच त्याचं दुखणं.
फार वाट पाहायला लावली
तर हवेतलंच पाणी पिऊन बसतो.

तळमजल्यावर स्थिरता-कक्ष.
कपाटाएवढा, रात्रंदिवस घुमणारा.
आत चाळीस अंश, पंच्याहत्तर टक्के दमटपणा,
घाईत चालवलेला काळ:
इथले सहा महिने गेले
की बाहेरची दोन वर्षं गेली असं धरायचं.
किल्ली म्हाळू गावड्यांकडे. ते हसतात,
"बाये, हाका मशीन कित्याक?
मे म्हयन्यांत म्हज्या घरा हाड."

एप्रिल. खिडकीतून काजूच्या बोंडांचा आंबूस वास,
हातमोज्यांत घाम.
तिसऱ्या महिन्याच्या गोळ्या काढल्या.
सहा गोळ्या, सहा नळ्या, सदतीस अंश पाणी,
स्टॉपवॉच.
ब्याऐंशी. एकोणनव्वद. शहाण्णव. चौऱ्याण्णव. ब्याण्णव.
सहावी खाली बसून राहिली
माहेरी आल्यासारखी, एकशे एकतीस.

ग्लेनिस म्हणाली, सहावी वगळ,
कडेला टवका उडालेला म्हणून लिही.
टवका नव्हता.
मी भिंगाखाली दोनदा पाहिलं, असावा म्हणून.

फुर्तादो मॅडमनी कागद वाचला,
चष्मा काढला, पुसला, परत घातला.
आकडा तोच होता.
"लिही. सहावीसकट.
आणि मग सांग, ती कुठे फसली."

मला वाटलं, कक्षातच फसली.

शनिवारी मडकईला गेले, म्हाळूंच्या घरी,
त्यांनी बोलावलं होतं, पातोळ्यांचं निमित्त नव्हतं,
कशाचंच नव्हतं.
त्यांची बायको सुलक्षा, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली,
दर तिसऱ्या सोमवारी बांबोळीला जाते,
आल्यावर दोन दिवस पेजही ठरत नाही.
म्हाळूंनी हे मला वर्षभर सांगितलं नव्हतं.
मीही कधी विचारलं नव्हतं,
किल्ली मागायची, सही करायची, निघायचं.

तिची गोळी फळीवर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.
कात्रीने कापलेली पट्टी,
तारीख दुसऱ्या तुकड्याबरोबर गेलेली,
चार तर पाकिटातून सोडवूनच ठेवलेल्या,
"रात्री बोटांत जोर नसतो ना, म्हणून."
शेजारी मीठ लावलेली सोलां.
खाली चूल, तिच्यावर उकडे तांदूळ,
वाफ सरळ फळीपर्यंत.

मी अल्युमिनियमचे थर मोजत होते,
सूक्ष्ममापीने, दशांशानंतर तीन घरं.
हा डबा कुठल्याच तक्त्यात नव्हता.

मॅडमना विचारलं, चूल नियमावलीत बसेल का?
म्हणाल्या, नाही. परिशिष्टात बसेल.

म्हणून आज पोईवाल्याच्या सायकलआधी
मडकईला पोचले आहे.
रिकाम्या डब्यात नोंदयंत्र ठेवलं,
काडेपेटीएवढं,
त्यावर हिरवा दिवा.
वाचन क्रमांक एक. वेळ सहा दहा.
तेहेतीस अंश, एक्याण्णव टक्के.
सुलक्षाने झाकण लावण्याआधी वाकून पाहिलं
आणि विचारलं,
ह्याला खायला काय घालायचं?