जे आधी होईल ते

नऊ वर्षांत अडतीस हजार चारशे बारा.
हा आकडा मी दस्तगीर मिस्त्रींना
जरा ऐटीतच सांगितला,
दहावीचे मार्क सांगावेत तसा.
धनकवडी ते मार्केट यार्ड, धनकवडी ते बिबवेवाडी,
वर्षातून एकदा सातारा, तोही टायरची हवा तपासून.
एरवी गाडी उभीच असते हो,
सोसायटीच्या शेडमध्ये, कव्हर घालून.

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली.
"टायमिंगचा पट्टा कधी बदललाय?"
अजून लाखभर किलोमीटर कुठे झालेत, मी म्हटलं.
हे वाक्य माझं नव्हतं.
आमच्या घरात गाडीबद्दलची वाक्यं जयवंत बोलतो,
मी ती पोचवते.

डॅशबोर्डच्या खणातलं पुस्तक
अजून प्लॅस्टिकमध्येच होतं.
मिस्त्रींनी ते दातांनी फाडलं, पान काढलं,
काळ्या नखाखाली ओळ धरली:
नव्वद हजार किलोमीटर किंवा पाच वर्षं,
जे आधी होईल ते.
"मॅडम, रबर बसूनसुद्धा म्हातारं होतं."

त्यांची भाची रुकय्या औंधच्या आयटीआयला शिकते.
वरचं झाकण काढून तिने बॅटरी मारली.
पट्टा चांगला दिसत होता. मी तसं बोललेही.
"सरळ बघितला की सगळेच चांगले दिसतात,"
म्हणत तिने तो दोन बोटांत धरला
आणि हळूच पिळला.

तडे उघडले.
डिसेंबरातल्या टाचेसारखे,
एकाशेजारी एक, अगदी बारीक.

"चेन असती तर आधी कुरकुरली असती," मिस्त्री म्हणाले,
"पट्टा कुरकुरत नाही.
चालतो, चालतो, आणि मग चालत नाही."
मग काय होतं, मी विचारलं.
त्यांनी दोन मुठी एकमेकींवर आपटल्या
आणि वायसरने हात पुसले.

नऊ वर्षांपूर्वी मी बँकेतली बढती नाकारली.
नांदेडला जावं लागलं असतं.
त्याचा इथे काही संबंध नाही.

खुणा करायची व्हाइटनरची बाटली वाळून गेली होती.
माझ्या पर्समध्ये नेलपॉलिश निघाली, वांगी रंगाची.
रुकय्याने वरच्या चाकावर एक ठिपका दिला,
खालच्या चाकावर एक,
माझ्याकडे बघून हसली, मगच पट्टा उतरवला.
एक दात इकडचा तिकडे झाला
तरी इंजिन रुसतं म्हणे.

जयवंतचा फोन आला. किती सांगतोय?
मी सांगितलं.
नुसता पट्टा? नुसत्या पट्ट्याचे एवढे?
टेन्शनर बदलायचा होता, पाण्याचा पंपही,
कारण पुन्हा एवढं उघडायचं तर मजुरी तेवढीच.
हे सगळं मला आता कळत होतं.
हो, नुसता पट्टा, मी म्हटलं,
आणि मिस्त्रींना मानेनेच सांगितलं, तिन्ही घाला.

सगळं बसवल्यावर मी चावी पुढे केली.
"लगेच नाही," रुकय्या म्हणाली.
पाना लावून तिने इंजिन हाताने फिरवलं.
खालचं चाक दोनदा फिरतं
तेव्हा वरचं एकदा.
आम्ही तिघं वाकून बघत होतो,
शेजारचा पंक्चरवालाही ट्यूब हातात धरून थांबला.
दुसरा फेरा पुरा झाला
आणि दोन्ही वांगी ठिपके
परत आपापल्या जागी येऊन उभे राहिले.

मिस्त्रींनी झाकणावर चिठ्ठी चिकटवली:
आजची तारीख, आजचे किलोमीटर,
पुढचे किलोमीटर, पुढचं वर्ष.
वर्षाचा आकडा फार जवळचा वाटला.

जुना पट्टा मी मागून घेतला.
शेजारच्या सीटवर ठेवला, जयवंतला दाखवायला.
स्वारगेटचा सिग्नल, मग सातारा रोड,
मग धनकवडीचं वळण आलं
आणि इंडिकेटर द्यायचा राहून गेला.

कात्रजच्या चढाला गाडी तिसऱ्यात टाकली.
अडतीस हजार चारशे चोवीस.