प्रश्न क्रमांक सतरा

बेळगावहून निपाणीला उतरले तेव्हा
पिशवीत दोनशे चाळीस फॉर्म, दोन निळी पेनं
आणि मार्गदर्शक बाईंचं एकच वाक्य :
"छेद विसरू नकोस. अंश काय, सगळ्यांनाच दिसतो."

जोडीला इरव्वा कमते, आशा कार्यकर्ती.
मोजायची कन्नडमध्ये, रागवायची मराठीत.
दार वाजवायची नाही, थेट चुलीपर्यंत जायची.
तिच्यामागून मी,
चपला कुठं काढाव्यात ते शोधत.

"मागच्या पंधरा दिवसांत खोकला?"
"न्हाई."
"न्हाई बाई."
"कुणाला? न्हाई की."

एकसष्ट घरं, एकसष्ट वेळा नाही.
आणि ही वखारींची गल्ली,
जिथं वाळत टाकलेलं पांढरं लुगडं
दिवेलागणीला चहात बुडवल्यासारखं दिसतं,
जिथं वाराच तपकीर ओढून येतो.

रात्री इरव्वाच्या माडीवर बेरीज केली.
शून्य.
शून्याला एकसष्टनं भागलं, शंभरानं गुणलं.
शून्यच.

खानापूरहून बाबांचा फोन.
कौलांच्या कारखान्यात त्यांची तीस वर्षं गेली :
"डॉक्टर न्हवंस, नर्स न्हवंस, सुई टोचत न्हाईस,
मग लोक तुला घरात कशाला घेतात?"
"मोजते मी, बाबा. कितीजणांत किती आजारी, ते."
"आणि बरं कोण करतंय?"
तेवढ्यात रेंज गेली.
बरंच झालं.

बासष्टावं घर हौसाक्का शिंत्र्यांचं.
एकतीस वर्षं तंबाखू निवडलेली बोटं,
पिवळी, हळदीशिवाय.
"खोकला?" "न्हाई," म्हणाली,
आणि भिंतीकडं तोंड करून, पदर लावून
अशी वाकली
की मी घड्याळ बघत राहिले.
चाळीस सेकंद.

"मग हे काय, हौसाक्का?"
"ह्यो? ह्यो ठसका.
खोकला म्हंजे रोग, बाई. त्याला दवाखाना लागतोय.
ठसका वखारीत बसलं की बसतोच,
पगारासंगं मिळतोय."

इरव्वा फॉर्मवर वाकली. "केम्मु म्हणून इचारलं असतंस
तरी न्हाईच म्हणाली असती," ती म्हणाली.
मग आम्ही दोघी चहा न पिताच उठलो
आणि पहिल्या घराकडं परत वळलो.

सतराव्या प्रश्नाखाली, समासात,
माझ्या वाकड्या अक्षरात : ठसका बसतो का?

त्यानंतर बायका बोलत होत्या, मी फक्त लिहीत होते.
कधीपासून? धाकट्याच्या वेळेपासून.
रात्री? रात्रीच तर.
एकीनं मोजून दाखवलं, किती उशा घेऊन झोपते.
एकीनं विचारलं, हे शेठला कळंल का गं?
त्याचा रकाना माझ्याकडं नव्हता.

प्रबंधावर लाल गोल आला :
"ठसका ही वैद्यकीय संज्ञा नाही."
मी खाली तळटीप लिहिली, अडीच पानं.

मुलाखतीला टेबलाच्या पलीकडं तिघे.
अकरा महिन्यांचं कंत्राट, प्रवासभत्ता वेगळा.
"तुमची प्रश्नावली विश्वासार्ह आहे, हे कशावरून?"
पाठ केलेलं सूत्र होतं जिभेवर, गुणांकासकट.
पण डोळ्यांपुढं बाबा आले,
भट्टीतून निघालेलं कौल कानाशी धरून
बोटानं टिचकी मारणारे.
तडा डोळ्यांना दिसत नाही.
बद्द वाजतं, तेव्हा कळतं.
तसंच काहीतरी सांगितलं मी, अडखळत.
एकानं लिहून घेतलं.
एकानं पंख्याकडं पाहिलं.

निकाल अजून नाही.

तोवर संकेश्वरचं काम घेतलंय,
मिरची कांडणाऱ्या बायकांचं.
तिथं ह्याला काय म्हणतात, इरव्वाला विचारलं.
"मला काय ठावं?" ती म्हणाली,
"आधी जाऊया की.
आणि ह्या खेपेला फॉर्म कोरे ने."