बत्तीसशे फेऱ्यांवरची खरखर

लुडविग्सबुर्गच्या बाहेर, द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी,
काचेच्या दालनात दोन गाड्या उभ्या होत्या.
एक राखाडी, एक शेवाळी.
दोघींच्या किमतीत आमचं पहिलं घर दोनदा आलं असतं.

एक्केहार्ट राखाडीभोवती फिरला,
घोडा घ्यायला आल्यासारखं टायरला बुटाचं टोक लावून पाहिलं.
हिच्यात दोन्ही आहे, म्हणाला,
विजेवर ऐंशी किलोमीटर,
मग सहा सिलिंडर, थेट मेरानपर्यंत.
मेरानला त्याची बहीण असते.
वर्षातून एकदा जातो आम्ही,
तेही ती रुसली तर.

हायब्रिड म्हणजे तळ्यात-मळ्यात, मी म्हटलं.
एक पाय ओला, एक कोरडा,
आणि ओझं मात्र दोन्ही पायांचं.
असू दे, तो म्हणाला. साठीनंतर माणसानं
एखादं दार किलकिलं ठेवावं.

विक्रेता पोरगा, फाल्को,
मनगटावर घड्याळ नाही, घड्याळाचा गोरा पट्टा तेवढा.
त्यानं हळूच सांगितलं, खरं तर सांगायचं नसावं त्यानं:
पुष्कळ गिऱ्हाइकं पेट्रोल भरतात आणि विसरतात.
टाकीत ते शिळं होत जातं.
मग एखाद्या सकाळी, बेकरीसमोर,
गाडी आपली आपणच इंजिन सुरू करते,
जुनं जाळून टाकायला.

मला ते फार ओळखीचं वाटलं.
मी कुणाकडे पाहिलं नाही.

शेवाळी चालवायला मी बसले, फाल्को शेजारी.
एकतीस वर्षं मी कारखान्यात आवाज लावले.
लावले म्हणजे वाद्य लावतात तसे:
नळीत बोटभर कमी, झडपेला केसभर जास्त,
गारठलेल्या खोलीत, कानांवर हेडफोन, पहाटे चारला.
कागदावर माझं पद लांबलचक होतं.
जेवणघरात मला घशाची डॉक्टर म्हणत.

फाल्कोनं पडद्यावर बोट ठेवलं.
हा आमच्या जुन्या इंजिनाचा आवाज, स्पीकरमधून, ऐका.
मी पाय दाबला. पाठ आसनात रुतली,
मळे मागे सांडले,
आणि जिथे बत्तीसशे फेऱ्या झाल्या असत्या
नेमकी तिथे ती आली,
बारीक खरखर,
घशात पावाचा कण अडकावा तशी.

ती मी ठेवली होती.
शहाण्णव साली, साहेब काढ काढ म्हणत असताना.
गुळगुळीत आवाजावर कुणी विश्वास ठेवत नाही, म्हटलं होतं मी,
चाचणीच्या वहीत "सहनीय" असं लिहिलं होतं
आणि पान उलटलं होतं.

आता सिलिंडर नव्हते. ठिणगी नव्हती. धूर नव्हता.
पंगत उठून गेल्यावर
ताटाभोवतीची रांगोळी राहावी
तशी ती खरखर तेवढी राहिली होती.

बंद कर.
पण लोकांना हाच तर…
पोरा, तो माझा आहे. बंद कर.

मग काय ऐकू आलं ते सांगते.
टायरखालचा ओला रस्ता.
डाव्या दाराच्या रबरातून शिट्टी, मिलिमीटरभराची चूक.
फाल्कोच्या पोटातली गुरगुर; दुपारचं जेवला नसावा.
आणि माझा श्वास,
चढावर किंचित खरखरणारा.
सहनीय.

परतलो तर एक्केहार्टनं राखाडीचं बॉनेट उघडून घेतलं होतं.
आत काळं प्लास्टिकचं झाकण,
त्यावर त्याचाच चेहरा, जरा पसरट.
इंजिन दिसतच नाही गं, म्हणाला.

शेवाळी घेऊ, मी म्हटलं.
आणि मेरान?
वाटेत दोनदा थांबू.
थांबून? पंचवीस-पंचवीस मिनिटं? करायचं काय?

चाळीस वर्षांत त्यानं मला विचारलेला
हा बहुधा पहिला अवघड प्रश्न.
उत्तर माझ्याकडे नव्हतं.
मी फाल्कोला दारापाशी नेलं,
त्याचं बोट धरून रबरावर ठेवलं,
आणि शिट्टी कुठून येते ते दाखवू लागले.