तपकिरी पाटी

तेवीस वर्षं याच रस्त्याने गेलो.
फोंडा, बोरी, मडगाव, केपे, तिळामळ, रिवण.
डिकीत खोकल्याच्या औषधांचे नमुने,
मागच्या सीटवर डॉक्टरांना वाटायची कॅलेंडरं,
आणि रिवणच्या पुढे ती तपकिरी पाटी :
एक नाव, एक बाण, किलोमीटरचा आकडा.
दर वेळी म्हणायचो, पुढच्या खेपेला.
पुढच्या खेपेला घाई असायची.

बायको म्हणायची, तुम्हांला गोवा पाठ आहे.
होताच.
कुठल्या दवाखान्याच्या पायरीवर दुपारी कुत्रं झोपतं,
कुठला डॉक्टर शनिवारी चिडतो,
केप्यात कुणाच्या पातळभाजीत वाटाणे जास्त.

मार्चअखेर कंपनीने घड्याळ दिलं, हार घातला.
एप्रिलच्या पहिल्या सोमवारी
सवयीने गाडी काढली.
रिकाम्या डिकीने ती खड्ड्याखड्ड्याला उडत होती.

बोरीच्या पुलावर पहिल्यांदाच वेग कमी केला.
मागचा ट्रक हॉर्न वाजवत राहिला, वाजवू दे.
आमचा देव याच पाण्यावरून आला,
रात्री, होडीत, गवताखाली झाकून,
घरात एवढंच सांगतात.
होडी कुणी वल्हवली ते कुणी सांगत नाही.
तो पलीकडून अलीकडे आला,
मी अलीकडून पलीकडे चाललेला,
चार मिनिटांत, काच खाली करून.
हजारदा ओलांडली असेल ही जुवारी,
एकदाही मनात आलं नाही
की तो भिजला असेल.

पाटीपाशी वळलो.
इंडिकेटर कुणासाठी लावला कोण जाणे,
मागे पुढे कुणीच नव्हतं.

डांबर संपलं तिथे काजूच्या बोंडांचा आंबट वास,
आणि बिया वेचणारा खुशाली वेलिप.
विचारलं, ती दगडावरची चित्रं कुठं आहेत?
त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं.
"तुमी तांचेरच उबे आसात."

बूट काढले.
जांभा पोळत होता.
खाली नुसता खडक, खरवडल्यासारखा,
मला तर काहीच दिसेना,
आणि चष्म्याचा नंबर तर परवाच बदललेला.

खुशाली नदीत उतरला.
कुशावती एप्रिलमध्ये घोट्याएवढी.
बादली भरून आणली आणि ओतली,
अंगणात सडा टाकावा तशी, सहज.
ओल्यातून एक रेघ वर आली.
मग वशिंड. मग शिंगं. मग अख्खा बैल,
त्याच्या मागे हरीण,
आणि उजवीकडे, माझ्या अंगठ्याशी,
वर्तुळात वर्तुळ, वर्तुळात वर्तुळ.

किती जुनं असेल?
साहेब लोक येतात, तो म्हणाला,
दर खेपेला वेगळा आकडा सांगतात.
लहानपणी आम्ही इथूनच गुरं पाण्यावर न्यायचो.
बैलावरून बैल जायचा,
आम्हांला काय माहीत.

मी गुडघ्यांवर बसलो,
त्या चक्राच्या तोंडाशी बोट ठेवलं.
खाच आत नेते,
मधल्या खळग्याच्या अगदी जवळ,
हात पुढे केला की लागेल इतक्या जवळ,
आणि तिथून उलटी बाहेर फिरवते.
पुन्हा कडेकडेने. पुन्हा आत.
पाटीपाशी येऊन तेवीस वर्षं सरळ निघून जाणाऱ्याला
यात नवं काही नव्हतं.

निम्म्यावर असतानाच खडक वाळला.
आधी बैल गेला, मग हरीण,
मग माझ्या बोटाखालची वाट.

खुशाली उठू लागला. म्हटलं, बस, मी आणतो.
दुसरी बादली मी आणली. तिसरीही.
पँट गुडघ्यापर्यंत भिजली,
पाणी सांडलं ते बहुतेक माझ्यावरच.
तो केव्हा काजूंकडे परतला कळलं नाही.
चौथ्या बादलीला बोट खळग्यात पोचलं.
तिथे काही नव्हतं.
थोडं पाणी, आणि एक मुंगी पोहत होती.
तिला काडीवर घेऊन बाहेर ठेवली.

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते.
बायकोने गुडघ्यांवरची लाल माती पाहिली,
तळहातावरचा कडीचा वळ पाहिला,
म्हणाली, अहो, कुठं पडलात?